साहेब आणि डीसात जुना

आमचा कारखाना भरे गावाच्या हद्दीत, रस्त्याला लागून. पुण्याहून पौडला जाणारी एसटी आमच्या फाटकावरूनच जायची आणि घंटी मारली तर थांबायचीही. पण साहेबांनी कंडक्टरला कधी घंटी मारू दिली नाही. ते खिडकीतून कारखाना बघत बघत पुढे जायचे, पौडच्या स्टँडवर शेवटच्या थांब्याला सगळ्यांबरोबर उतरायचे आणि तिथून दुधाच्या रिकाम्या टेम्पोत बसून उलटे आमच्याकडे यायचे. रोज. पावसातही आणि मालकांची मीटिंग असली तरीही.

"एकटा मी उतरणार," ते म्हणायचे, "त्यासाठी भरलेली गाडी कशाला थांबवायची?"

कंडक्टर वैतागायचा. "अवो साहेब, थांबा हाय हितं! सरकारी थांबा हाय!"

"जाऊ दे, जाऊ दे. लोकांना कचेरीत पोचायचंय."

आमचे सोपानमामा फाटकावर उभे राहून तो टेम्पो बघायचे आणि मला म्हणायचे, "ह्यो मानूस रोज हितनं फुडं जातोय, रोज माघारी येतोय, आन् आल्यावर मलाच इचारतोय, सोपान, चहाला उशीर का झाला?"

साहेब म्हणजे कारखान्याच्या कॉम्प्युटरचे साहेब. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही पंप बनवायचो, आणि मालकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून फ्रिजएवढं एक मशीन आणून ठेवलं होतं. त्याला दोन पडदे जोडलेले. त्यात युनिक्स नावाचं काहीतरी चालायचं. ते काय ते फक्त साहेबांना ठाऊक, आणि पुढे थोडंथोडं मला.

अख्ख्या कारखान्यात एसी एकच, तोही मशीनसाठी. मॅनेजरच्या डोक्यावर पंखा होता. साहेबांना गारठा मुळीच सोसायचा नाही. खोलीत शिरताना ते चपला काढायचे आणि माकडटोपी घालायचे. बाहेर पडताना टोपी काढायची, चपला घालायच्या. एकदा भर मे महिन्यात मालकांचे पाहुणे खोली बघायला आले. बाहेर घामानं शर्ट चिकटलेले, आणि आत हा उंच, वाळका माणूस गळ्यापर्यंत लोकरीत. पाहुण्यांपैकी एका बाईंना वाटलं की याला ताप आहे. त्यांनी पर्समधून गोळी काढून दिली. साहेबांनी ती थँक्यू म्हणून घेतली आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. मी नंतर विचारलं, "तुम्हाला ताप होता का जी?" तर म्हणाले, "नव्हता. पण त्यांनी इतक्या मायेनं दिली."

माझ्याआधीचा टायपिस्ट सर्दीनं पळाला होता. मी आले होते पॅकिंगच्या कामाला.

मी भंडाऱ्याकडची. वडील गेले तेव्हा आठवीत होते. शाळा तिथंच राहिली आणि मी बिड्या वळायला बसले. गावच्या टायपिंग क्लासची सकाळची झाडझूड माझ्याकडे होती. त्याच्या बदल्यात तिथले मास्तर मला थोडा वेळ मशीनवर बसू द्यायचे. त्यामुळे माझ्या बोटांना इंग्रजी येत होतं, मला येत नव्हतं. मावशीच्या नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कामावर मुळशीत आले. काम संपल्यावर ते माघारी गेले. मी राहिले. का राहिले ते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच ठाऊक होतं की परत जायचं नाही. तेंदूच्या पानानं बोटांची सालं निघतात, ती पुन्हा भरून येईपर्यंत मी इथं दिवस काढले होते, आणि तेवढंच मला पुष्कळ वाटत होतं.

पॅकिंगच्या रांगेत मी टायपिंगचं बोलले ते सोपानमामांनी ऐकलं आणि मला साहेबांसमोर उभं केलं.

"थंडी सोसते का?" साहेबांनी टोपीतून विचारलं. दुसरा प्रश्नच नाही.

भंडाऱ्याच्या उन्हाळ्यातून आलेली बाई मी. त्या खोलीत पाऊल टाकलं आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "सोसते जी."

"कुठली तू?"

"भंडारा."

"म्हणजे नागपूर."

"नाही जी, भंडारा वेगळा."

"तिकडचं सगळं नागपूरच. बस, नागपूर."

तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी नागपूर. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला शंका होती.

मॅनेजरांनी मात्र पहिल्या दिवशीच नीट सांगितलं. "तात्पुरती आहेस. दिवाळीनंतर बघू. जमलं तर कायम करू, नाही जमलं तर आलीस तशी जा." आलीस तशी, हे दोन शब्द मी रोज झोपताना ऐकायचे. सोपानमामांनी त्यांच्याच वस्तीत मला एक खोली बघून दिली होती. पहिल्या दिवशी जाताना त्यांनी हळूच जय भीम घातला आणि मला इतक्या लांब आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं झालं. पण खोली असो, मामा असोत, दिवाळी समोर उभीच होती.

मी मशीनला हात लावायच्या आधी हात धुवायचे. रिटर्नचं बटण दाबायच्या आधी साहेबांकडे बघायचे. "दाबू जी?" साहेब म्हणायचे, "दाब." मी पुन्हा विचारायचे. शेवटी ते म्हणाले, "नागपूर, तू त्यांना घाबरू नकोस. ते तुला घाबरत नाहीत." 'ते' म्हणजे मशीन. माणसांना साहेब अरे-तुरे करायचे, मशीनला अहो-जाहो. "आज त्यांचं पोट भरलंय." "त्यांना विचार, कुठे ठेवलंय." मालकांच्या फोनवरसुद्धा, "ते आत्ता कामात आहेत," असं सांगून ठेवून द्यायचे, आणि मालकांना वाटायचं मॅनेजरबद्दल बोलतायत.

मशीनला काही चुकीचं सांगितलं की पडद्यावर तक्रार उमटायची. अमुक सापडत नाही, तमुक करता येत नाही. साहेबांना तक्रारींचा कंटाळा. आज्ञेच्या शेवटी काही अक्षरं जोडली की ती तक्रार पडद्यावर न येता कुठंतरी बुडून जायची, कायमची. साहेब प्रत्येक ओळीला ती अक्षरं जोडायचे आणि त्या जागेला धरण म्हणायचे. "टाक धरणात."

एकदा चहा ठेवताना मामांनी ते ऐकलं. म्हणाले, "साहेब, कायबी बुडवा, पन धरन म्हनू नगा. माझ्या आज्याचं घर हाय तितं, मुळशीच्या धरनाच्या पान्याखाली."

साहेब उठून उभे राहिले. त्या दिवसापासून धरण हा शब्द त्यांच्या तोंडून गेला, ते विहीर म्हणायला लागले. तक्रारी बुडवणं मात्र त्यांनी चालूच ठेवलं.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येक पंपाची मशीनमध्ये एक फाईल. कोणता भाग, कोणत्या मापाचा, कोणत्या धातूचा, सगळं तिच्यात. शॉपमधून कारागीर कागदावर लाल शाईनं दुरुस्त्या पाठवायचे आणि मी त्या फाईलमध्ये घालायचे. साहेबांचा नियम असा होता की फाईलला हात लावायच्या आधी तिची एक नक्कल ठेवायची आणि नक्कलेच्या नावापुढे जुना असं लिहायचं. नाव विचारणारा प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. तो विचारायचा, नाव काय? मी जे टाईप करीन ते नाव. आपण कागदावर जसं लिहितो तसं मी इंग्रजी अक्षरांत लिहायचे. डीसात, म्हणजे डी-७ नावाचा पंप असेल तर चालू फाईल 'डीसात' आणि नक्कल 'डीसात जुना'. मध्ये एक मोकळी जागा. प्रोग्रामनं कधी नाही म्हटलं नाही, साहेबांनीही नाही.

पावसाळाभर मी हेच करत होते. दसऱ्याच्या आसपास मशीनमधली जागा संपली.

"त्यांचं पोट फुगलंय," साहेब म्हणाले. "जुने सगळे काढून टाकू." आणि त्यांनी एक लूप लिहिला. मला समजावून सांगितला तो एसटीच्या भाषेत. "एक आज्ञा द्यायची: ज्यांच्या नावात जुना आहे, त्यांची नावं सांगा. नावं आली की कंडक्टरसारखं एकेकाला पुढे घ्यायचं. हा पुढे आला, पुसला. पुढचा आला, पुसला. रांग संपेपर्यंत." चार ओळींचं काम. शेवटी नेहमीची अक्षरं जोडून तक्रारी विहिरीत सोडल्या.

संध्याकाळची एसटी यायला झाली होती. साहेबांनी बटण दाबलं, टोपी खुंटीला लावली, चपला घातल्या आणि गेले. जाताना ते फाटकावरूनच एसटी पकडायचे, कारण तेव्हा तिथं शिफ्ट सुटलेली माणसं असायची आणि गाडी तशीही थांबायची. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि गप्प झालं. मी दिवा बंद करून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. "पोरी, शापमधनं मानूस आलाय. डीसातचा कागद काढून दे म्हनतोय."

मी डीसात मागितलं. मशीन म्हणालं, नाही.

पुन्हा मागितलं. नाही. मग मी सगळी नावं काढून बघितली. डीसात जुना होता. डीआठ जुना होता. जे पुसायचे होते ते सगळे जुने आपापल्या जागी जसेच्या तसे बसलेले, आणि ज्यांना जपायचं होतं त्या चालू फायली, माझ्या पावसाळाभराच्या दुरुस्त्या, एकही नाही.

मी खोलीबाहेर आले आणि पायरीवर बसले. मला वाटलं, मीच काहीतरी केलं. काय केलं ते कळत नव्हतं, पण आठवीतून उठलेली बाई मशीनवर बसली आणि मशीन रिकामं झालं, यात माझ्याशिवाय दुसरं कोण असणार? पदरानं डोळे पुसले. मी मनात गाडी बघायला लागले. पौडहून पुणे, पुण्याहून नागपूर, तिथून भंडारा.

मामा पाणी घेऊन आले. "काय झालं, सांगशील तरी?"

"सगळं पुसलं गेलं मामा. मला आता घरी जावं लागते."

"कुनी पुसलं?"

"मीच असणार जी."

"व्हय? कवा पुसलंस?"

"माहीत नाही."

"मग तूच कशी?" मामा म्हणाले. "आदी पानी पी. साहेबाचा टेम्पो येऊ दे."

टेम्पोआधी मॅनेजर आले. शॉपमधून बोंब त्यांच्यापर्यंत पोचली होती. "मी सांगत होतो," ते मामांकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही, "शिकलेला माणूस ठेवा म्हणून. आता मालकांना काय तोंड दाखवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाळीची वाट बघायची गरज नाही. शनिवारी हिशोब घे."

तेवढ्यात साहेब फाटकातून आले. त्यांनी सगळं ऐकलं, चपला काढल्या, टोपी घातली आणि आत जाऊन पडद्यासमोर बसले. नावं बघितली. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. एसी चालू असताना टोपी काढलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. आत केस विस्कटलेले, मधोमध टक्कल. एकदम म्हातारे दिसले.

"नागपूर," ते म्हणाले, "रडायचं थांब. तू काही केलेलं नाहीस. मॅनेजर, जरा कँटीनमध्ये ये."

"कँटीनमध्ये? इथं आग लागलीय आणि तुम्हाला चहा पाहिजे?"

"ये तर."

साहेब कँटीनमध्ये कधी जायचे नाहीत. डबा हातात धरून आवारात फेऱ्या मारत जेवायचे. त्यामुळे ते आत शिरल्यावर पोहे खात बसलेली शॉपची माणसं उठून उभीच राहिली. साहेबांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या. वडा पाव. पोहे. कमी साखर चहा.

"सोपान, तू आता मशीन. मला फळ्यावरचं सगळं आणून दे, एकेक करून. पण मशीनला ओळ कळत नाही. मोकळी जागा दिसली की त्यांना वाटतं, एक नाव संपलं. कळलं?"

"लई येडं मशीन हाय," मामा म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी एक वडा आणून ठेवला. परत गेले, एक पाव आणला. मग पोहे. मग आतून आवाज आला, "साहेब, कमी कुटनं आनू? आपल्याकडं कमी न्हाई!"

"तक्रार विहिरीत टाक. पुढचं आण."

मामांनी साखरेचा डबा आणून आपटला. मग चहा. साधा, साखर घातलेला.

शॉपची माणसं हसायला लागली. मॅनेजर हसले नाहीत. साहेब म्हणाले, "मी काल मशीनला सांगितलं, जुन्यांची नावं आण आणि एकेक पूस. त्यांनी नावं बरोबर आणली. डीसात जुना. पण माझ्या लूपनं ते नाव मोकळ्या जागेवर तोडलं. पहिला तुकडा आला डीसात. डीसात नावाची फाईल होती, पुसली. दुसरा तुकडा आला जुना. जुना नावाची कुठलीच फाईल नाही. मशीननं तक्रार केली, की साहेब, जुना सापडत नाही. एकदा नाही, प्रत्येक नावाला केली. ती पडद्यावर आली असती तर पहिल्या दोन-तीन तक्रारींतच मी मशीन थांबवलं असतं. पण तक्रार मी विहिरीत टाकली होती आणि मी एसटीत बसलो होतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "मग सगळं एकत्रच बांधून द्यायचं की!"

"शाबास," साहेब म्हणाले. "सोपान, आता फळ्यावरचं सगळं मिळून एकच नाव आहे असं समज. आण."

मामा वैतागले होते. त्यांनी एका ताटात वडा, पाव, पोहे ठेवले आणि वरून चहा ओतून ते ताट मॅनेजरांसमोर ठेवलं. "घ्या. येकच हाय."

यावर मॅनेजरही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"तोडलं तरी चूक, सगळं एकत्र बांधलं तरी चूक," साहेब म्हणाले. "एका वेळी एक ओळ वाचायची, आणि वाचलेली ओळ हातातून जाताना पुन्हा सुटू नये म्हणून कागदात गुंडाळायची. सोपान, वडा पाव."

मामांनी पावात वडा घातला, पेपरात गुंडाळला, हातात दिला.

"हे एवढं मला करायचं होतं. माहीत असून केलं नाही. चार ओळींचं तर काम, म्हटलं, आणि गाडी येत होती."

मॅनेजर फळ्याकडे बघत म्हणाले, "पण नावात मोकळी जागा सोडली कुणी?"

मीच सोडली होती.

"तिनं," साहेब म्हणाले. "माणूस जसं लिहितो तसं तिनं लिहिलं. माझ्या प्रोग्रामनं ते नाव घेतलं, मी रोज ते डोळ्यांनी बघितलं, कधी हरकत घेतली नाही. नाव ठेवणाऱ्यानं नाव ठेवलं. ते तोडलं मी. मालकांना कळवायचं तर असंच कळव. आणि तिला शनिवारी पाठवलंस तर हे सगळं परत टाईप कोण करणार? तू?"

मॅनेजर निघून गेले. चहा ओतलेलं ताट तसंच राहिलं. मामांनी ते उचललं आणि मला म्हणाले, "बस हितं. पोहे चांगले ऱ्हायलेत कडंचे, खाऊन घे."

एक गोष्ट मात्र नशिबाची होती. पुसायचे म्हणून ठरवलेले जुने सगळे वाचले होते. त्यांच्यावर लाल शाईच्या दुरुस्त्या पुन्हा चढवल्या की चालू फाईल तयार. कागद साहेबांच्या कपाटात होते. साहेब वाचायचे, मी टाईप करायचे. त्यांना सपाट आवाजात वाचता यायचं नाही, म्हणून ते भागांचे नंबर मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणायचे. "बुश पितळीऽऽ, व्यास बावीस, सावधाऽऽन." शॉपची पोरं दाराशी येऊन ऐकायची. मी हसून चुकायचे आणि चुकले म्हणून घाबरायचे. साहेब म्हणायचे, "नवरीनं हसायचं नसतं, टाईप कर."

त्या दिवसांत एकदा मी विचारलं, "आता नावात जागा सोडू नको ना जी? डीसातजुना, असं जोडून लिहीन."

साहेबांना राग आला. त्यांना आलेला एवढाच राग मला आठवतो. "काय म्हणून? तू उद्यापासून मामांशी जोडून बोलणार आहेस का, मशीनला बरं पडावं म्हणून? तू तुझ्यासारखं लिही. सांभाळायचं ते आम्ही सांभाळू."

दिवाळीच्या आत सगळं उभं राहिलं. दिवाळीनंतर मालकांकडून दोन निर्णय आले. मी कायम झाले. आणि साहेबांकडून कॉम्प्युटर काढून घेऊन त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. पत्र्याची शेड, नट-बोल्टांची पिंपं, वायसरांचे ढीग. मला ऑर्डर मिळाली तेव्हा आनंद व्हायला पाहिजे होता. मी ती घडी करून पदराच्या टोकाला बांधली आणि कामाला बसले. मामा म्हणाले, "अगं, पेढे वाट!" मी म्हटलं, "कोणत्या तोंडानं वाटू मामा?" "आपल्याच," ते म्हणाले, "दुसऱ्याचं कुटं मागनार?"

मशीनवर नवीन साहेब पुण्याहून यायचे होते, पण ते यायला वेळ होता. आणि मशीनचं पोट तसंच भरलेलं होतं, कारण जुने अजून सगळे तिथंच. एक दिवस मॅनेजर दारातूनच म्हणाले, "त्या जुन्या फायली काढून टाक. तुला येतं ना आता?"

मला येत होतं. साहेबांनी फायली परत भरताना मला ते सगळं शिकवलं होतं. एकेक ओळ वाचायची कशी, नाव अवतरण चिन्हांत गुंडाळायचं कसं. पण येणं वेगळं आणि बटण दाबणं वेगळं. ओळी लिहून झाल्यावर मला रिटर्नपर्यंत बोट नेता येईना. या वेळी पुसलं गेलं तर ते पुन्हा चढवायला जुनेही उरणार नव्हते. मी उठले आणि स्टोअरमध्ये गेले.

साहेब पिंपामागे बसून एका आकाराचे वायसर दुसऱ्या आकारातून वेगळे करत होते. पत्रा तापलेला, आणि अंगात पातळ शर्ट. माकडटोपी नव्हती. तिथं तिचं काही काम नव्हतं.

"साहेब, जरा येता का जी? जुने काढायचे आहेत. तुम्ही नुसते मागे उभे राहा."

"नाही."

"मला भीती वाटते."

"मला तिथं जायला बंदी नाही," ते म्हणाले, "पण मी येणार नाही. मी मागे उभा राहिलो की तू बटण माझ्या जिवावर दाबशील." मग त्यांनी विचारलं, "पूस, असं लिहिलंयस का?"

"हो."

"ते खोड. त्या जागी लिही, नुसतं नाव बोलून दाखव. काही पुसणार नाही, फक्त बोलेल. काय काय पुसलं असतं ते ऐक. ऐकून पटलं तर बोलच्या जागी पूस लिही. आणि विहिरीत काही टाकू नकोस, तक्रार आली तर दिसू दे."

मी परत गेले. तसं लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर नावं उतरायला लागली, एकाखाली एक. डीसात जुना. डीआठ जुना. अखंड, न तुटलेली. मी ती सगळी बोट ठेवून वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. तक्रार एकही नव्हती. मग बोलच्या जागी पूस लिहिलं. या वेळी विचारायला खोलीत कुणी नव्हतं. मी दाबलं. मशीन कुरकुरलं. थांबलं. मी डीसात मागितलं.

डीसात आलं. सगळ्या दुरुस्त्यांसकट.

मी धावतच स्टोअरमध्ये गेले. साहेबांनी मान वर केली नाही.

"झालं?"

"झालं जी."

"डीसात आहे?"

"आहे. सगळे आहेत. जुने गेले."

"मग रडतेस कशाला?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "साहेब, तुमचं हे माझ्यामुळे झालं. मी त्या जागा सोडल्या नसत्या, तर तुम्ही अजून तिथं असता. आणि मला आता तिथं एकटीनं बसायचं. मला रोज भीतीनं पोटात कसंतरी होते. बटण दाबायच्या आधी प्रत्येक वेळी. कायम झाले तरी जात नाही ते."

साहेबांनी मूठभर वायसर तळहातावर पसरले, त्यातला एक चुकीचा निघाला तो दुसऱ्या ढिगात टाकला.

"ते जाऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "माझं गेलं होतं, म्हणून तर मी इथं आहे. जा आता. ते तिथं एकटे आहेत."